भोसरीच्या मशीन शॉपमध्ये ट्रेलो : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर 2025

12 जून 2025, गुरुवार

भोसरी एमआयडीसीची आज सुट्टी. दोन्ही पाळ्या बंद, कंप्रेसर शांत, त्यामुळे शॉपमध्ये सावकाश फिरता आलं. संगणक उघडलाच नाही. मालाच्या प्रत्येक क्रेटपाशी उभी राहिले, त्यावरचं रूट कार्ड (जॉबचे टप्पे लिहिलेला कागद) वाचलं आणि वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: हा जॉब आत्ता कोणाची वाट बघतोय, आणि त्या माणसाला ते माहीत आहे का?

आमच्याकडे टर्निंग आणि मिलिंग होतं. पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्हच्या बॉडी, बुश, फ्लँज. काही कामांत माल आमचा, काहींत ग्राहक स्वतःचा बार पाठवतो आणि आम्ही फक्त जॉबवर्क करतो. ऑर्डर मेलवर येते, ड्रॉइंग बरेचदा व्हॉट्सअ‍ॅपवर. मग स्टोअर, टर्निंग, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), हीट ट्रीटमेंटला बाहेर, परत आल्यावर ग्राइंडिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच, बिल आणि शेवटी पैसे. आज बघितलेल्या क्रेटपैकी बहुतेक जॉब मशीनसाठी थांबलेले नव्हते. कोणीतरी कोणालातरी काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगितलं गेलं नव्हतं, म्हणून थांबले होते. फर्स्ट पीस तयार आहे पण इन्स्पेक्शनच्या ताईंना निरोप नाही. ताईंनी पास केलंय पण टेम्पोवाल्या दादांना कळलेलं नाही. माल ग्राहकाकडे पोचलाय, पण अकाउंट्सकडे शिक्क्याची प्रत आलेली नाही.

हे निरोप आता मोबाइलवरच्या बोर्डाने द्यायचे, प्रत्येक जॉबचं त्यावर एक कार्ड. या कामाची एकच अट पहिल्या पानावर लिहून ठेवली: ज्याच्या बोटाने कार्ड हलेल, त्याचं काम त्याच क्षणी हलकं झालं पाहिजे. ऑफिसला माहिती मिळावी म्हणून शॉपमधल्या माणसाने नोंद करायची, हे आमच्याकडे टिकत नाही. भिंतीवरचा फळा आणि सामायिक एक्सेल, दोन्ही याच कारणाने मागे पडले. नोंद करणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं.

16 जून, सोमवार

सॉफ्टवेअर ठरलं: ट्रेलो. आसना, क्लिकअप, मंडे हीसुद्धा उघडून पाहिली. त्यांच्यात सोयी जास्त आहेत, पण व्हीएमसीपाशी हात पुसत उभ्या राहिलेल्या माणसाला मोबाइलवर एका नजरेत कळेल असा पडदा ट्रेलोचाच. एका बोर्डावर उभ्या लिस्ट, त्यात कार्डं, कार्ड एका लिस्टमधून दुसऱ्या लिस्टमध्ये सरकतं. शिवाय मोफत योजनेतही ऑटोमेशन मिळतं, त्यामुळे पैसे घालण्याआधी पारखून घेता येईल.

साहेबांनी योग्य प्रश्न विचारला: "उद्या ही कंपनी बंद पडली तर आपल्या ऑर्डरी कुठं शोधायच्या?" ट्रेलो 2011 मध्ये फॉग क्रीक नावाच्या कंपनीने सुरू केलं, 2017 मध्ये अटलासियनने 42.5 कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि आम्ही ज्याच्या जिवावर हे करणार आहोत तो बटलर नावाचा ऑटोमेशनचा भाग 2018 च्या शेवटी त्यात आला. म्हणजे कंपनी छोटी नाही. तरीही दर शनिवारी बोर्डाची प्रत उतरवून ऑफिसच्या डिस्कवर ठेवायची असं ठरवलं. मोफत योजनेत ही प्रत जेसन स्वरूपात मिळते. एक्सेलसारखी वाचता येत नाही, पण कार्डांचा मजकूर त्यात असतो. जोडलेल्या फाइलींचे मात्र फक्त दुवे असतात.

मोफत योजनेत एका वर्कस्पेसमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या बोर्डांच्या सामायिक जागेत, जास्तीत जास्त 10 जण. मोजून बसतं: टर्निंग, व्हीएमसी, इन्स्पेक्शन, स्टोअर, डिस्पॅच, टेम्पो, अकाउंट्स, साहेब, मी, आणि दहावं खातं फक्त नियमांसाठी. हे दहावं खातं मुद्दाम. बटलरचा नियम ज्याने बनवला त्याच्याच नावाने चालतो. त्याने टाकलेली टिप्पणी त्या माणसाच्या नावाने दिसते, आणि तो माणूस वर्कस्पेस सोडून गेला तर त्याचे नियमही थांबतात. नियम कोणा एका माणसाच्या खात्यावर नसावेत, कारखान्याच्या नावाने असावेत.

20 जून, शुक्रवार

माउलींची आणि तुकोबांची पालखी आज पुण्यात. आळंदी रस्ता, दिघी, विश्रांतवाडी सगळीकडे वारकरी. टेम्पो बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे दादा ऑफिसमध्ये निवांत बसले आणि त्यांच्यासोबत डिस्पॅचच्या लिस्ट आखून झाल्या. त्यांनी एक गोष्ट लगेच दाखवून दिली. मी "डिस्पॅच" अशी एकच लिस्ट केली होती. ते म्हणाले, "ताई, माल बांधलेला वेगळा आणि गाडीत चढलेला वेगळा. बांधलेला माल मी उद्या नेईन, पण त्याचं चलन आज लागतं." मग दोन लिस्ट झाल्या: "बांधून तयार" आणि "गाडी निघाली". चलन, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, पहिल्या लिस्टवर सुरू होतं.

कार्डांनी काम पुढे सरकवण्याची पद्धत टोयोटाच्या मशीन शॉपमधून आली. 1950 च्या दशकात ताइइची ओनो यांनी ती बसवली, आणि त्यांचा भर पुढच्या टप्प्याने मागच्याकडून माल मागून घेण्यावर होता. मागच्याने पुढच्यावर ढीग टाकायचा नाही. आमच्या बोर्डावर हे तंतोतंत जमणार नाही, कारण ग्राहकच कधी कधी ढीग टाकतो. पण इन्स्पेक्शनच्या लिस्टवर मर्यादा घातली आहे. कार्डं ठरलेल्या संख्येपुढे गेली की लिस्टचा रंग बदलतो आणि टर्निंगच्या सुपरवायझरना ते दिसतं.

24 जून, मंगळवार

ऑर्डर मेलवरून थेट बोर्डावर आणली. ट्रेलोच्या प्रत्येक बोर्डासाठी प्रत्येक सदस्याला एक वेगळा मेल पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर मेल गेला की कार्ड तयार होतं: मेलचा विषय हे कार्डाचं नाव, मजकूर आत, आणि ड्रॉइंग व पर्चेस ऑर्डरची फाइल जोडलेली. ऑफिसच्या जीमेलमध्ये ठराविक ग्राहकांच्या पत्त्यांवरून आलेले आणि विषयात ऑर्डरचा उल्लेख असलेले मेल या पत्त्यावर पुढे पाठवायला सांगितलं.

इथे एक खाचखळगा आहे, पुढे कोणी करेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. जीमेल कोणत्याही नव्या पत्त्यावर आपोआप मेल पाठवण्याआधी त्या पत्त्यावर खात्रीचा क्रमांक पाठवतं. बोर्डाच्या पत्त्याला काही इनबॉक्स नसतो. तो क्रमांक बोर्डावर कार्ड म्हणून येतो. ते कार्ड उघडायचं, क्रमांक उचलायचा, जीमेलमध्ये भरायचा आणि कार्ड काढून टाकायचं. मोफत योजनेत जोडलेली फाइल 10 एमबीपर्यंतच चालते. पीडीएफ ड्रॉइंगला पुरतं, काही त्रिमितीय मॉडेलांना पुरत नाही. ती मॉडेलं ऑफिसच्या डिस्कवर आणि कार्डावर फक्त जागा लिहिलेली.

नवं कार्ड "नवी ऑर्डर" लिस्टमध्ये पडलं की पहिला नियम त्याला एक चेकलिस्ट लावतो: ड्रॉइंगची आवृत्ती जुळली का, मटेरियलचा ग्रेड लिहिलाय का, हीट ट्रीटमेंटची हार्डनेस दिली आहे का, माल कोणाचा. चौथा प्रश्न साधा वाटतो, पण पुढचं अर्धं कागदकाम त्यावर अवलंबून असतं. आमचा माल असेल तर निळं लेबल, ग्राहकाचा असेल तर पिवळं. लेबल माणसाने लावायचं. मेलच्या मजकुरावरून ते ओळखायला नियमाला सांगता येईल, पण सांगणार नाही.

1 जुलै, मंगळवार

आज फर्स्ट पीसचा नियम चालू झाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा हाच.

पूर्वी असं व्हायचं: ऑपरेटर सेटिंग करतो, पहिला पीस काढतो, मशीन थांबवतो आणि ताईंना शोधत फिरतो. ताई व्हीएमसीकडे असतात किंवा आलेल्या मालाचं सर्टिफिकेट तपासत असतात. तोवर मशीन उभं. काही जण वाट बघून कंटाळतात आणि पुढचे पीस काढायला लागतात, मग तपासणीत बोअर (आतलं भोक) मिलिमीटरच्या दोन शतांशांनी मोठा निघाला की सगळे पीस बाजूला.

आता प्रत्येक रूट कार्डावर एक क्यूआर चिकटवलेला आहे, तो त्या जॉबच्या ट्रेलो कार्डाकडे नेतो. टर्निंग आणि व्हीएमसी दोन्हीकडे एकेक जुना मोबाइल खांबाला अडकवला आहे, विभागाच्या खात्याने उघडलेला. ऑपरेटर क्यूआर धरतो, कार्ड उघडतं, त्यावर "फर्स्ट पीस तयार" हे बटण. ते दाबलं की बटलर तीन गोष्टी करतो: कार्डावर केशरी लेबल, ताईंना उद्देशून टिप्पणी (म्हणजे त्यांचा मोबाइल वाजतो), आणि त्या जॉबच्या मोजमापांची चेकलिस्ट. ताई मोजतात, आकडे भरतात, "पास" किंवा "सेटिंग बदला" दाबतात. लेबल हिरवं किंवा लाल होतं, आणि खांबावरचा मोबाइल वाजतो.

ऑपरेटरला एक पाऊलही चालावं लागत नाही. म्हणूनच ते बटण दाबतात. दुपारच्या पाळीत एक जण सुपरवायझरना सांगत होता की आता "मी सांगितलं होतं, मी नव्हतं ऐकलं" हा वाद उरला नाही, वेळ तिथेच लिहिलेली असते. हे मी कुठेच ठरवलेलं नव्हतं, त्याने स्वतः काढलेला फायदा आहे.

7 जुलै, सोमवार

काल आषाढी. आज फक्त किरकोळ दुरुस्त्या. मोबाइलचे चार्जर खांबावर पक्के केले, क्यूआरवर पारदर्शक टेप लावली. कटिंग ऑइल लागलं की कागद वाचत नाही.

10 जुलै, गुरुवार

सुट्टीच्या दिवशी सुट्टीचाच प्रश्न सोडवला. हीट ट्रीटमेंटला माल गेला की परत येण्याची तारीख नियमाने लावायची होती: गेल्यापासून तीन कामाचे दिवस. बटलरला "कामाचे दिवस" कळतात, पण त्याचे कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार. आमची सुट्टी गुरुवारची, आणि शनिवार-रविवार शॉप चालू. म्हणजे मंगळवारी गेलेल्या मालाची तारीख तो शुक्रवार काढतो, आमच्या हिशेबाने ती शनिवार. आणि शुक्रवारी गेलेल्याची तो थेट बुधवार सांगतो, आमच्याकडे माल सोमवारीच हवा असतो.

कॅलेंडरमध्ये सुट्टीचा वार बदलायची सोय शोधली, मिळाली नाही. मग नियम असा केला: सगळीकडे साधे दिवस मोजायचे, कामाचे नाहीत. वेळापत्रकावर चालणारी एक वेगळी आज्ञा दर बुधवारी सकाळी उद्याच्या तारखेची कार्डं शोधते आणि त्यांची तारीख शुक्रवारवर नेते. मंगळवारी किंवा बुधवारी गेलेल्या मालाला मात्र यात एक दिवस कमीच पडतो. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात ज्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्या सगळ्यांना हे करावं लागेल. शनिवार-रविवार बंद असणारं ऑफिस आणि आमचं शॉप यांच्यात तारखेचा हा फरक कायम राहणार, आणि ग्राहकाला शब्द देताना तो डोक्यात ठेवायला हवा.

18 जुलै, शुक्रवार

बाहेर जाणारा माल. यात कायदा आहे, त्यामुळे इथे घाई केली नाही.

आपला माल हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग किंवा ग्राइंडिंगसाठी दुसऱ्याकडे पाठवताना त्यावर जीएसटी भरावा लागत नाही, पण अट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो माल 1 वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच पुढे विकला जायला हवा. भांडवली वस्तूंना मुदत 3 वर्षं. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना मुदत नाही. माल मुदतीत परत आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं, म्हणजे कर आणि मागच्या तारखेपासूनचं व्याज. प्रत्येक वेळी डिलिव्हरी चलन, तीन प्रतींत: एक माल घेणाऱ्याला, एक गाडीसोबत, एक आपल्याकडे. आणि या सगळ्याचा हिशेब आयटीसी-04 या विवरणात.

"बाहेर" या लिस्टमध्ये निळ्या लेबलाचं कार्ड आलं की नियम आता असा चालतो: मूळ कार्डावर परतीची तारीख लागते, आणि "चलनं" नावाच्या वेगळ्या बोर्डावर एक नवं कार्ड तयार होतं. त्याला मूळ कार्डाचा दुवा आणि 1 वर्षाची मुदत. मुदतीच्या 30 दिवस आधी तारखेची आज्ञा स्टोअरच्या काकांना उद्देशून टिप्पणी टाकते.

हे चलनाचं कार्ड बंद कधी व्हायचं, यावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. माझ्या मनात होतं की मूळ कार्ड "ग्राइंडिंग" मध्ये सरकलं की माल परत आला, तर चलनाचं कार्ड आपोआप बंद. काकांनी मला त्यांच्या वहीतलं एक पान दाखवलं. 500 शाफ्ट गेले. पहिल्या खेपेत 300 आले, दुसऱ्यात 180, आणि उरलेल्यांपैकी काही वाकले म्हणून त्यांच्याकडेच पडून. काम पुढे सरकलं होतं, पण चलन उघडंच होतं. वाकलेल्या पिसांचं काय झालं हे कोणीतरी लिहून ठेवायलाच हवं, ते भंगारात गेले तरी.

मग ठरलं: चलन उघडणं नियमाचं काम, बंद करणं काकांचं. प्रत्येक खेप चेकलिस्टमध्ये एक ओळ, संख्येसकट. बेरीज जुळली की काका "चलन मिटलं" दाबतात. जुळत नसेल तर कार्ड तसंच उघडं राहतं आणि राहू दे. काकांना याचा फायदा असा की वर्षाअखेरीला सीएच्या ऑफिसमधून फोन आला की त्यांना आता वह्या उलटत बसावं लागणार नाही. उघडी कार्डं म्हणजेच उत्तर.

29 जुलै, मंगळवार

मोफत योजनेत महिन्याला 250 वेळाच ऑटोमेशन चालतं, सगळ्या बोर्डांचं मिळून. महिना संपायच्या आत आम्ही तिथे पोचलो. पैसे भरण्याआधी वापर कुठे जातोय ते नोंदींच्या पानावर बघितलं. सर्वांत जास्त वेळा चालणारा नियम होता लिस्ट तारखेप्रमाणे लावण्याचा: कुठलंही कार्ड आलं की लिस्ट पुन्हा लावा. दिसायला नीटनेटकं, पण शॉपमध्ये त्याकडे कोणी बघत नाही. सुपरवायझर कामाचा क्रम मशीनवर कोणता टूल लावलाय त्यावरून ठरवतात, आणि ते बरोबर आहे. एकदा लावलेल्या सेटिंगवर दोन जॉब निघत असतील तर तारीख बाजूला ठेवावी लागते. त्यांनी हाताने लावलेला क्रम नियम मोडत होता. नियम काढला.

त्याच कसोटीवर आणखी दोन काढले. राहिलेल्यांपैकी प्रत्येकामागे नाव घेऊन सांगता येईल असा माणूस आहे, ज्याचं काम त्याने वाचतं. तेवढ्यालाही 250 पुरत नाहीत, तेव्हा स्टँडर्ड योजना घेतली. महिन्याला 1000 वेळा चालतं, आणि वर्षाचे एकदम भरले तर माणशी महिना 5 डॉलर. दहा जणांचे 50 डॉलर, म्हणजे सुमारे सव्वाचार हजार रुपये. साहेबांनी हिशेब स्वतःच केला: फर्स्ट पीसची वाट बघत उभं राहिलेलं एक व्हीएमसी महिन्याभरात याहून जास्त खातं.

या योजनेत कार्डावर स्वतःचे रकाने जोडता येतात. चलन क्रमांक, बिल क्रमांक आणि संख्या हे तीनच जोडले. चौथा मागितला गेला, पण तो कोण भरणार हे ठरलं नाही म्हणून थांबवला.

6 ऑगस्ट, बुधवार

रिवर्क, म्हणजे तपासणीत चुकलेल्या मालाची दुरुस्ती. सरळ जाणाऱ्या जॉबसाठी नियम बनवणं सोपं असतं, उलटं येणाऱ्या जॉबवर त्यांची परीक्षा होते. इन्स्पेक्शनमधून कार्ड ग्राइंडिंगला परत गेलं, पुन्हा इन्स्पेक्शनला आलं, आणि नियमाने तीच चेकलिस्ट दुसऱ्यांदा जोडली. ताईंना एकाच नावाच्या दोन चेकलिस्ट दिसल्या, एक भरलेली आणि एक रिकामी.

जुनी पुसून टाकणं सोपं होतं. ताई नको म्हणाल्या. पहिल्या तपासणीत काय आकडा होता आणि रिवर्कनंतर काय झाला, हे दोन्ही ग्राहकाला दाखवावं लागू शकतं. म्हणून मूळ नियमाला अट घातली: रिवर्कचं लेबल नसलेल्या कार्डालाच लागू. रिवर्क असेल तर दुसरा नियम छोटी चेकलिस्ट लावतो, ज्यात फक्त चुकलेलं मोजमाप आणि त्याच्याशी जोडलेली मोजमापं.

इथेच समजलेली दुसरी गोष्ट: एका नियमाने हलवलेल्या कार्डावर दुसरा नियम आपोआप चालत नाही. प्रत्येक नियमाला "दुसऱ्या ऑटोमेशननेही मला चालवावं" अशी वेगळी मुभा द्यावी लागते. ती सगळीकडे देऊन टाकायचा मोह होतो. आम्ही एकाच ठिकाणी दिली, शेवटच्या तपासणीच्या "पास" बटणाने कार्ड "बांधून तयार" मध्ये गेल्यावर चलनाची तयारी सुरू व्हावी तिथे. बाकी साखळ्या मुद्दाम तुटक ठेवल्या. दोन नियमांच्या मधे माणसाची नजर पडावी अशा जागा आम्हाला हव्याच आहेत.

22 ऑगस्ट, शुक्रवार

येणी. साहेबांच्या दृष्टीने प्रकल्प आज सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

आमची उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंद) आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006, कलम 15: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कमाल 45 दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ऑगस्ट 2025 मध्ये बँक रेट 5.75 टक्के होता, म्हणजे व्याज 17.25. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकराच्या कलम 43 बी (एच) मुळे, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांची खरेदी खातीसुद्धा स्वतःहून फोन करायला लागली आहेत.

हे 45 दिवस बिलाच्या तारखेपासून धरण्याची सवय सगळीकडे आहे. कायदा बघतो माल स्वीकारल्याचा दिवस, आणि माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचाच दिवस स्वीकारल्याचा धरला जातो. म्हणजे आमच्यासाठी सर्वांत मोलाचा कागद कोणता, तर चलनाची ग्राहकाच्या गेटवर शिक्का मारलेली पोच. ती असते दादांच्या खिशात, बरेचदा आठवडाभर.

म्हणून नियम पोचेवर लावला, बिलावर नाही. दादा गेटवर शिक्का मिळाला की तिथेच फोटो काढतात, कार्डाला जोडतात आणि "पोच मिळाली" दाबतात. कार्ड "येणी" बोर्डावर जातं, मुदत त्या दिवसापासून 45 दिवस. दादांचं काय? त्यांचा फेरीचा हिशेब आता याच कार्डांवरून निघतो. महिनाअखेरीला डायरी घेऊन अकाउंट्ससमोर बसायचं आणि "त्या तळेगावच्या फेऱ्या दोन होत्या की तीन" हे आठवायचं, ते संपलं. पोच टाकली की फेरी मोजली. पहिल्या दिवसापासून एकही पोच राहिलेली नाही.

दर सोमवारी सकाळी साहेबांना एका मेलमध्ये त्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या बिलांची यादी जाते. ग्राहकाला आपोआप स्मरणपत्र पाठवायचा नियम करायचा का, यावर साहेब ठामपणे नको म्हणाले, आणि मला ते पटलं. वीस वर्षांचा ग्राहक आहे, कधी त्याचाही हात अडकलेला असतो. फोन करायचा की थांबायचं, हे माणूस ठरवणार. नियमाने फक्त फोन करायचा दिवस चुकू देऊ नये.

5 सप्टेंबर, शुक्रवार

उद्या अनंत चतुर्दशी. दहा दिवस अर्धी माणसं गावी, शॉप एका पाळीवर. बोर्ड चालू राहिलं. इन्स्पेक्शनच्या ताई रजेवर होत्या, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या मुलाला फर्स्ट पीसचं काम समजावून सांगायला फार वेळ लागला नाही, कारण काय मोजायचं ते चेकलिस्टमध्ये होतं. पण गेज कसं धरायचं, बोअरमध्ये कुठे दाब द्यायचा, हे त्याला टर्निंगच्या सुपरवायझरनीच शिकवलं.

23 सप्टेंबर, मंगळवार

कालपासून जीएसटीचे नवे दर. आमच्यावर परिणाम दोन ठिकाणी: वाहनांच्या सुट्या भागांवरचा 28 टक्के आता 18, आणि इतर कुठल्या नोंदीत न बसणाऱ्या जॉबवर्कचा, म्हणजे आमच्या मशीनिंगचा, 12 टक्के आता 18. ग्राहकाचा माल असलेली पिवळी कार्डं आणि आमचा माल असलेली, वाहनांच्या भागांची निळी कार्डं एकाच दिवशी वेगवेगळ्या दिशेने बदलली. जूनमध्ये ते लेबल लावायला सांगितलं नसतं तर काल प्रत्येक कार्ड उघडून बघावं लागलं असतं.

अडचण मधल्या कामांची. काम 22 च्या आधी झालं, बिल नंतर निघणार. कायद्यात काम पूर्ण होणं, बिल निघणं आणि पैसे येणं या तिन्ही तारखा बघतात. काम आधी, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतर असतील तर नवा दर. बिल आधीच निघालं असेल तर जुना. आगाऊ रक्कम आली असेल तर आणखी वेगळं. हा निर्णय नियमावर सोडला नाही. बोर्डावर एक बटण केलं, ते दाबल्यावर त्या क्षणी "बांधून तयार" आणि "गाडी निघाली" मध्ये असलेल्या, बिल क्रमांक नसलेल्या सगळ्या कार्डांना राखाडी लेबल लागलं. ती यादी सीएंकडे गेली, त्यांनी कार्डागणिक दर लिहून दिला. काम झाल्यावर बटण काढून टाकलं. बिलाच्या चेकलिस्टमधली "जीएसटी 12" ही ओळ बदलून आता दर लिहिण्याऐवजी "दर तपासला" एवढंच लिहिलंय.

30 सप्टेंबर, मंगळवार

परवा दसरा, उद्या खंडेनवमी. मशीनं धुऊन पुसून ठेवायचं काम दुपारनंतर सुरू झालं, त्याआधी नियमांची वही पूर्ण केली.

प्रत्येक नियमाला एक पान. वर नियम कशाने सुरू होतो, तो काय करतो, तो कोणासाठी आहे, आणि तो बंद पडला तर काम हाताने कसं चालवायचं. शेवटचा भाग मी सर्वांत काळजीने लिहिला. इंटरनेट गेलं, मोबाइल पडला, ट्रेलो दुपारभर उघडलं नाही, तरी रूट कार्ड क्रेटसोबत असतं आणि त्यावर सही करायची जागा असते. ती कागदी साखळी आम्ही काढलेली नाही, काढणारही नाही.

वही स्टोअरच्या कपाटात, चावी काकांकडे. नियम बदलायचा अधिकार दहाव्या खात्याला, आणि त्याचा पासवर्ड साहेब व माझ्याकडे. कोणाला नवा नियम हवा असेल तर त्याने आधी पान लिहायचं. टर्निंगच्या सुपरवायझरनी काल एक लिहून आणलं: इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलल्याची नोंद क्यूआरवरून व्हावी, म्हणजे स्टोअरमध्ये साठा कमी झाल्यावर त्यांना आधी कळेल. "कोणासाठी" या ओळीत त्यांनी लिहिलंय, "माझ्यासाठी, मला रात्रपाळीला इन्सर्ट मिळत नाही". दसऱ्यानंतर पहिलं तेच करायचं.

आयटीसी-04 चं सहामाही विवरण, एप्रिल ते सप्टेंबर, 25 ऑक्टोबरपर्यंत भरायचं आहे. उलाढाल 5 कोटींच्या वर असल्याने आम्हाला सहामाही लागतं. चलनांच्या बोर्डावरची उघडी कार्डं काकांनी आज वहीशी ताडून पाहिली. प्लेटिंगला गेलेल्या फ्लँजची दोन चलनं अजून मिटलेली नाहीत, दोन्हींची उरलेली खेप शुक्रवारी येणार आहे. बंद झालेल्या चलनांची यादी उद्या सकाळी सीएंकडे पाठवते.